निकाहची तारीख आणि त्वचेचा हिशोब

रमजान ईद झाली की आमच्या ओळखीच्या घरांमध्ये लग्नाच्या तारखा ठरू लागतात. हॉल, दावत, जोडे आणि दागिने यांच्या यादीत हल्ली आणखी एक ओळ आली आहे: दुल्हनचे ‘स्किन पॅकेज’. त्यात दोन-तीन केमिकल पील, एक-दोन डी-टॅन आणि मशीनने केलेले पॉलिशिंग असते. कागदावर ‘ब्रायडल ग्लो’ असे छापलेले असते आणि खाली किंमत असते. मुलीची आई तो कागद घेऊन आमच्याकडे येते आणि विचारते, “मॅडम, हे केलं तर चालतं का? चेहरा खराब तर होणार नाही ना?”

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, डॉक्टर नाही. पण आपल्या वस्त्यांमध्ये बायका डॉक्टरांना विचारण्याआधी शाळेतल्या बाईंना विचारतात, हे पंचवीस वर्षांच्या नोकरीत कळून चुकले आहे. म्हणून या विषयाचे जमेल तेवढे वाचन केले, त्वचारोगतज्ज्ञांना विचारले आणि आमच्याच कुटुंबात जे घडले ते पाहिले. त्याचे सार वाचक भगिनींपुढे आणि भावांपुढेही ठेवत आहोत. भावांपुढे अशासाठी की पॅकेजचे पैसे बहुतेक वेळा त्यांच्याच खिशातून जातात.

आधी त्वचेचे काम समजून घेऊ. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. नव्या पेशी खाली तयार होतात, हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात, मरतात आणि शेवटी आपोआप गळून पडतात. तरुण वयात या प्रवासाला साधारण 4 आठवडे लागतात. वय वाढते तसा हा काळ लांबतो. म्हणून चाळिशीनंतर चेहरा कोरडा आणि निस्तेज वाटू लागतो, कारण जुन्या पेशी जास्त दिवस वर चिकटून राहतात. त्या पेशी सैल करून काढल्या की खालचा थर वर येतो, प्रकाश सारखा परावर्तित होतो आणि चेहरा मऊ, ताजा दिसतो. उटणे असो, वजरी असो की दवाखान्यातले पील असो, सगळ्यांचे मूळ काम एवढेच आहे. वरचा मेलेला थर त्रासाचा नाही, तो संरक्षणाचाही आहे, हे मात्र विसरायचे नाही. ओलावा आत आणि जंतू बाहेर ठेवण्याचे काम तोच करतो.

आपल्या आजींना हे पुस्तकातून कळले नव्हते, पण त्यांची पद्धत त्याला धरून होती. दुल्हनला मांझ्याला बसवले की डाळीचे पीठ, हळद, चंदन, दूध किंवा साय एकत्र करून उबटन लावत. ते अर्धवट वाळले की हलक्या हाताने चोळून काढत. पिठाचे बारीक कण मेलेल्या पेशी ओढून नेत, साय त्वचेला तेल देई. पण खरी गोष्ट पुढे आहे. मांझ्याला बसलेली मुलगी ते सगळे दिवस घराबाहेर पडत नसे. चूल नाही, ऊन नाही, कामाची धावपळ नाही. खाणे वेळेवर आणि झोप पुरेशी. मुलगी ‘उजळली’ असे सगळे म्हणत तेव्हा त्यात उबटनाचा वाटा जेवढा होता तेवढाच सावलीचा आणि आरामाचा होता. आज आपण उबटनाच्या जागी पील आणले, पण मुलगी आदल्या दिवसापर्यंत दुपारच्या उन्हात बाजारात फिरत असते.

हमामचीही हीच शिकवण आहे. तुर्कस्तानात आणि मोरोक्कोत आजही हमाममध्ये जाऊन अंग घासून घेण्याची रीत आहे. मोरोक्कोत ऑलिव्हपासून केलेला काळा, लोण्यासारखा साबण अंगाला लावतात, वाफेत बसतात आणि मग खरखरीत हातमोज्याने घासतात. तुर्की लोक त्या हातमोज्याला ‘केसे’ म्हणतात. आपल्याकडे खानदेशाला लागूनच असलेल्या बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात मोगलांच्या काळातला हमाम अजून पाहायला मिळतो. हमाममध्ये क्रम महत्त्वाचा असतो: आधी वाफ, मग साबण, मग घासणे, शेवटी थंडावा. कोरड्या अंगावर कुणी हातमोजा चालवत नाही. घरी हा क्रम पाळायचा तर आठवड्यातून एकदा, जुम्याच्या गुस्लच्या वेळी, कोमट पाण्याने अंग भिजल्यावर मऊ कापडाने किंवा बारीक पिठाने चोळणे पुरे. टाचांची कातडी जाड असते, तिथे वजरी चालते. चेहऱ्यावर वजरी कधीच नाही.

घरच्या उपायांत काही चुकीच्या गोष्टी शिरल्या आहेत, त्या स्पष्ट सांगायला हव्यात. लिंबू थेट चेहऱ्यावर चोळू नये. त्याचा रस फार आम्लधर्मी असतो, शिवाय त्यातली काही द्रव्ये उन्हाशी मिळून त्वचा भाजतात आणि काळे डाग पाडतात. खाण्याचा सोडा त्वचेचा समतोल बिघडवतो. अक्रोडाच्या टरफलांची भरड किंवा जाड साखर यांचे कण टोकदार असतात. ते डोळ्यांना न दिसणारे ओरखडे काढतात. मुरूम असलेल्या चेहऱ्यावर तर काहीही घासू नये, कारण मुरूम फुटला की डाग पडतो.

आणि मानेचे काय? हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. सातवी-आठवीतल्या एखाद्या मुलीच्या मानेवर मागच्या बाजूला काळा, मखमलीसारखा जाडसर पट्टा असतो. मैत्रिणी तिला ‘आंघोळ करत नाहीस का’ म्हणून चिडवतात. घरी आई काथ्याने, दगडाने मान घासते. मुलगी ओढणी गळ्याशी घट्ट गुंडाळून बसते, उन्हाळ्यातसुद्धा. माता-भगिनींनो, तो मळ नसतो. डॉक्टरी भाषेत त्याला ‘अकॅन्थोसिस नायग्रिकन्स’ म्हणतात. बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असते. वाढलेले वजन, पाळीच्या तक्रारी आणि घरातला मधुमेह यांच्याशी त्याचे नाते असते. घासल्याने तो जात नाही, उलट आणखी जाड आणि काळा होतो. अशा मुलीला दगडाची नव्हे, रक्तातली साखर तपासण्याची, रोज चालण्याची आणि गोड पेये कमी करण्याची गरज असते. मान घासणारा हात थांबला तर कदाचित एका मुलीचा मधुमेह वेळेत कळेल.

आता दवाखान्यातल्या पीलकडे येऊ. ‘केमिकल’ हा शब्द ऐकून घाबरायचे कारण नाही आणि ‘फळांचे आम्ल’ ऐकून निर्धास्त व्हायचेही कारण नाही. पीलमध्ये वापरली जाणारी आम्ले निसर्गात सापडतात. ग्लायकोलिक आम्ल उसात असते, लॅक्टिक आम्ल आंबलेल्या दुधात, मँडेलिक आम्लाचे मूळ कडू बदामात आणि सॅलिसिलिक आम्लाचे नाते विलो झाडाच्या सालीशी आहे. आज ती कारखान्यात तयार होतात. घासण्याऐवजी ही आम्ले मेलेल्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा चिकटपणा सैल करतात. ग्लायकोलिकचा रेणू लहान असल्याने ते त्वचेत लवकर शिरते, मँडेलिकचा मोठा असल्याने सावकाश शिरते. सॅलिसिलिक तेलात मिसळते, म्हणून ते तेलकट रंध्रांत जाऊन मुरुमांवर उपयोगी पडते.

ही विद्या नवी नाही. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उन्ना यांनी 1882 मध्ये सॅलिसिलिक आम्ल, फिनॉल वगैरेंचा त्वचेवरचा परिणाम नोंदवला. 1974 मध्ये अमेरिकेत व्हॅन स्कॉट आणि यू या दोघा संशोधकांनी फळांच्या आम्लांचा उपयोग दाखवून दिला. तो कशासाठी? ‘इक्थिओसिस’साठी. या आजारात त्वचेवर माशासारखे खवले धरतात. म्हणजे हा उपाय प्रथम आला तो गोरे दिसण्यासाठी नव्हे, तर ज्यांची कातडी गळतच नव्हती अशा रुग्णांच्या आरामासाठी. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण औषध म्हणून आलेली वस्तू शृंगाराच्या दुकानात गेली की तिची मात्रा कुणी मोजत नाही.

आणि इथे मात्रेलाच सगळे महत्त्व आहे. घरी लावायच्या क्रीममध्ये किंवा सीरममध्ये ग्लायकोलिक आम्ल साधारण 5 ते 10 टक्के आणि सॅलिसिलिक 2 टक्क्यांपर्यंत असते. दवाखान्यात तेच ग्लायकोलिक 20 पासून 70 टक्क्यांपर्यंत आणि सॅलिसिलिक 20 ते 30 टक्के वापरतात. डॉक्टर घड्याळ लावून, त्वचेकडे पाहत काही मिनिटे ठेवतात आणि ग्लायकोलिक असेल तर ते वेळेवर निष्प्रभ करतात. एक मिनिट जास्त झाले तरी फरक पडतो. मशीनने पॉलिश करण्याची पद्धत, मायक्रोडर्माब्रेजन, 1980 च्या दशकात इटलीत निघाली. त्यात बारीक स्फटिक किंवा हिऱ्याचे कण लावलेले टोक चेहऱ्यावर फिरवतात आणि मशीन सुटलेल्या पेशी ओढून घेते. त्यात आम्ल नसते, पण जोर असतो. जोर जास्त झाला की तेही ओरखडेच. या सगळ्या वरवरच्या उपायांनी मुरुमांचे हलके डाग, वांग, खरखरीतपणा आणि निस्तेजपणा कमी होतो. खोल खड्डे जात नाहीत. फिनॉलसारखे खोल पील तर आपल्या रंगाच्या त्वचेसाठी नाहीतच.

त्याचे कारण रंगातच आहे. आपल्या त्वचेत मेलॅनिन भरपूर असते. उन्हापासून तेच आपल्याला वाचवते. पण त्वचेला भाजले, ओरखडले, सुजले की या मेलॅनिनचा कारखाना घाबरून जोरात चालू होतो आणि जखम भरली तरी तपकिरी डाग मागे राहतो. गोऱ्या युरोपीय त्वचेवर जो उपाय लाली येऊन निघून जातो, तोच आपल्याकडे महिनोन्‌महिने डाग ठेवून जाऊ शकतो. म्हणजे काळेपणा घालवायला केलेली घाईच काळेपणा आणते.

आमच्या भाचीच्या बाबतीत हेच झाले. निकाहला सहा दिवस होते. चार दिवसांपूर्वी थ्रेडिंग झाले होते. ती रोज रात्री मुरुमांचे क्रीम लावत होती, पण पार्लरमध्ये ते कुणी विचारले नाही. पील लावल्यावर जळजळ होऊ लागली तेव्हा ‘थोडं होतंच, सहन करा’ असे उत्तर मिळाले. रात्रीपर्यंत वरचे ओठ आणि दोन्ही गाल लाल झाले, दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी खपल्या धरल्या. आपा रडत होती, दुल्हन आरसा पाहायला तयार नव्हती. घरातल्या एका बाईंनी आणखी हळद थापायचा सल्ला दिला. आम्ही तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, “आता काहीच करायचं नाही. खपली काढायची नाही, घासायचं नाही, उन्हात जायचं नाही. मलम लावा आणि वाट पाहा.”

निकाह ठरलेल्या दिवशीच झाला. गालांवरचे डाग दिसत होते. नवऱ्याकडच्या दोन बायका कुजबुजल्या, तेही आम्ही ऐकले. दूल्ह्याच्या आईने मात्र भाचीची हनुवटी धरून “बेटा, दुखतंय का?” एवढेच विचारले. अल्लाह त्यांना सलामत ठेवो. डाग जायला जवळपास पाच महिने लागले. रोजचे सनस्क्रीन आणि डॉक्टरांचे औषध एवढ्यावरच ते फिके झाले. दुसरे कुठलेही पॅकेज घेतले नाही.

म्हणून आमचा सांगावा एकच आहे: त्वचेचा हिशोब आठवड्यांत असतो, आपली घाई दिवसांत असते. मुलीला मुरूम, वांग किंवा जुने डाग असतील आणि पील करायचेच असेल तर निकाहच्या तीन-चार महिने आधी डॉक्टरांना दाखवा. एमडी किंवा डीडीव्हीएलसारखी त्वचारोगाची पदवी आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहा. पांढरा कोट म्हणजे पदवी नव्हे. कानामागे थोडे लावून आधी तपासून घ्या. दोन पीलमध्ये 2 ते 4 आठवड्यांचे अंतर असते, आणि शेवटचे पील निकाहच्या किमान महिनाभर आधी व्हावे. थ्रेडिंग, वॅक्स आणि ब्लीच पीलच्या आधी आणि नंतर आठवडाभर नको. मुलगी कोणती क्रीम लावते, मुरुमांच्या गोळ्या घेते का, ओठांवर ताप उठतो का, जखमेचा व्रण फुगतो का, हे सगळे न विचारता सांगा. गरोदर किंवा दूध पाजणाऱ्या बाईने तेही आधी सांगावे. महिनाही हाताशी नसेल तर पील सोडूनच द्या. सौम्य साबण, मॉइश्चरायझर, सावली आणि झोप यांवर भर द्या.

आपल्या घरांत एक प्रश्न हमखास येतो: पीलनंतर वुजूचे काय? वरवरच्या पीलनंतर साध्या, थंड पाण्याने चेहरा धुतलेला सहसा चालतो. साबण, गरम पाणी आणि चोळणे नको. पाणी हलक्या हाताने घ्यावे आणि मऊ कापडाने टिपावे. डॉक्टरांनी पाणी लावायला मनाईच केली असेल तर काय करावे ते आलिमांना विचारावे, शरीअतने रुग्णाला सवलत ठेवली आहे. सनस्क्रीनचे गणित तर नमाजच्या वेळांशी छान जुळते. उन्हात असताना ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. जोहरची वुजू झाली की लावा, असरची झाली की पुन्हा लावा. एसपीएफ 30 किंवा जास्त, आणि चेहरा-मानेला दोन बोटांवर मावेल एवढे. बुरखा घातला तरी उघडा राहणारा चेहरा आणि हात ऊन झेलतातच.

पीलपेक्षाही मोठा धोका कधीकधी कपाटातल्या डबीत असतो. मेडिकलमधून ‘गोरेपणाची’ म्हणून आणलेल्या कित्येक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असते. सुरुवातीला चेहरा खरेच उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, केस उगवतात, आणि ट्यूब बंद केली की आग होते. 2018 मध्ये सरकारने स्टिरॉइडच्या मलमांना चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांत घातले, तरी ती सहज मिळतात. काही बिननावाच्या क्रीममध्ये पारा सापडतो. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे अशा क्रीममुळे बिघडल्याची बातमी काही वर्षांपूर्वी आली होती; केरळच्या मलप्पुरममध्येही डॉक्टरांना असे रुग्ण आढळले. डबीवर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि घटक लिहिलेले नसतील तर ती चेहऱ्याला लावू नका.

बगदादचे सहाव्या हिजरी शतकातले विद्वान इब्नुल जौझी यांनी स्त्रियांविषयीच्या आपल्या किताबात चेहऱ्याचा रंग बदलण्यासाठी कातडी सोलण्याचा विषय घेतला आहे. पण वांग घालवणाऱ्या औषधांत त्यांना हरकत दिसली नाही. आठशे वर्षांपूर्वीचा हा फरक आजही उपयोगाचा आहे. डाग बरा करणे वेगळे आणि अल्लाहने दिलेल्या रंगाला डाग समजणे वेगळे. कुठलेही पील जन्मजात रंग बदलत नाही, आणि जो बदलण्याचे आश्वासन देतो तो तुमच्या मुलीच्या त्वचेवर प्रयोग करतो आहे.

हा दोष फक्त पार्लरचा नाही. रिश्ता पाहायला जाताना ‘मुलगी साफ रंगाची आहे ना’ हे विचारणारे आपणच असतो. वर्गातली सावळी, हुशार मुलगी दहावीनंतर अचानक चेहऱ्याला पांढरी पावडर थापून यायला लागते, तेव्हा तिला हा प्रश्न कुणीतरी ऐकवलेला असतो, हे आम्ही ओळखतो. या लग्नसराईत कुणाच्या घरी मुलगी पाहायला गेलात तर तिच्या शिक्षणाबद्दल विचारा, तब्येतीबद्दल विचारा, तिला काय आवडते ते विचारा. रंगाबद्दलचा प्रश्न तेवढा घरीच ठेवून जा.